कापसाच्या खोलीतला अर्धा तास

आई, तू जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि गेल्या आठवड्यात मी तुझ्यावर अशी जळले की तीन दिवस मला धड जेवण गेलं नाही. तुझ्यावर, आणि एका बाईवर, जिचा काही दोष नाही.

मी आता सांगलीत एका हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर बसते. पेशंटचे कागद कंपनीला पाठवायचे, तिकडून मंजुरी आली की पेशंटला घरी सोडायचं, एवढंच काम. पण टेबलावर दोन फोन, हातात तिसरा, कॉम्प्युटरवर चार कंपन्यांची पानं उघडी, आणि खिडकीत एका वेळी पाच तोंडं. घरी आले तरी ते सगळं कानात चालूच असतं. लेक काहीतरी सांगत असते, मी हं हं करते, आणि ती थांबून म्हणते, "मी काय म्हणाले, सांग बघू." मला सांगता येत नाही. तिनंच माझ्या फोनमध्ये ध्यानाचं ॲप घालून दिलंय. शांत बसायची आठवण ते दिवसातून तीनदा करून देतं, टिंग वाजवून.

तुझ्या वेळी असलं काही नव्हतं, असं म्हणून मला सुटता येत नाही. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू दिवसभर बोर्डासमोर बसायचीस. दिवे लागायचे, वायरी या भोकातून काढून त्या भोकात घालायच्या, ट्रंक कॉल लागला नाही की लोक तुलाच शिव्या द्यायचे. माझ्यापेक्षा जास्त आवाज तुझ्या कानात जात होते. तरी तू घरी येऊन मेथी निवडायला बसलीस, की मी शाळेतलं काहीही बडबडू दे, तू सगळं ऐकायचीस. दुसऱ्या दिवशी विचारायचीस, "मग दिली का गं तिनं तुझी पट्टी परत?" एवढ्या गोंगाटातून येऊन तुझं डोकं इतकं रिकामं कसं असायचं, हे मला कधी कळलं नाही. माझ्यात ते का उतरलं नाही, हाच माझा जुना सल.

सोमवारी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एक म्हातारी दाखल झाली. तिच्याबरोबर पंचेचाळिशीची लेक. खिडकीसमोरच्या बाकावर सगळे फोनमध्ये तोंड खुपसून बसलेले, किंवा दर पाच मिनिटांनी उठून मला विचारणारे. ही बाई मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. दोन तास. झोपलेली नाही, कंटाळलेली नाही, नुसती बसलेली. मी काम करता करता तिच्याकडे बघत होते आणि उगाच चिडत होते. कोण ही, आणि हिला हे कसं जमतं?

सही घ्यायला म्हातारीची व्हीलचेअर खिडकीशी आणली, तर ती माझ्याकडेच बघत राहिली. "तू टेलिफोनवाल्या बाईंची लेक न्हवं? कपाळ तेच हाय."

"व्हय," मी म्हणाले. किती वर्षांनी तोंडातून 'व्हय' आलं.

"आगं, मी तुझ्या आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. पाचाला सुटलो की ती आमच्याच घरी यायची. आमच्या सासऱ्यांचा गाद्यांचा धंदा. मागच्या खोलीत पिंजलेला कापूस पार आढ्याला लागलेला. तिथं आवाजच येत न्हवता बघ. भितीला टेकून अर्धा तास बसायची. बोलायची न्हाई, काय न्हाई. च्या दिला तर प्यायची. आन् ही माझी लेक, तवा चारेक वर्षांची, तिच्या मांडीवर झोपायची."

"रोज?"

"रोज. ऐतवार सोडून. मला वाटलं, तुला ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच, की एक्स्चेंजपासून आपली खोली दहा मिनिटांवर होती आणि तू पावणेसहाला यायचीस. बाबा पलटणीत, घरात दुसरं कुणी नाही. मी नऊ वर्षांची, गळ्यात किल्ली अडकवून पायरीवर बसलेली. "ड्युटी लांबली गं," तू म्हणायचीस. मी कधी शंका घेतली नाही. आणि त्या वेळी तुझी मांडी दुसऱ्याच पोरीखाली होती. मला फक्त ती मांडीच नाही, ती खोलीसुद्धा हवी होती. तुझा तो गप्प चेहरा मी कधी पाहिला नाही. तो तिनं पाहिला, आणि ते शांत बसणंही तिच्यातच उतरलं.

शुक्रवारी म्हातारीला घरी सोडायचं होतं. मंजुरी बाराला आली. मी ती पाहिली आणि पान बंद केलं. एकला तिची लेक खिडकीशी आली. "ताई, काही अडचण आहे का?"

"वरून यायचंय. सर्व्हर बंद आहे."

"बरं," म्हणाली आणि जाऊन बसली. तिनं ओरडावं, असं मला वाटत होतं. इतर लोक ओरडतात, साहेबाला बोलवा म्हणतात, फोटो काढतात. एकदा तरी तिच्या कपाळावर आठी दिसावी म्हणून मी दोन वाजवले. शेवटी मीच उठून बाहेर गेले, तर ती बाकावर सरकली. "बसा की थोडं. सकाळपासून बघतेय, तुम्ही पाणीसुद्धा प्यायला नाहीत."

मी बसले. आत माझे दोन्ही फोन वाजत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मावशी, म्हणजे तुमच्या आई, उठताना कान चोळायच्या. म्हणायच्या, 'चला, आता घरातलं ऐकू येईल.'"

ती खरं बोलली की माझं तोंड बघून बोलली, देव जाणे. खरं असेल तर तो अर्धा तास माझ्यासाठीच होता, असं मला वाटायला हवं. वाटलंही, क्षणभर. मग पुन्हा तेच, की हे वाक्यसुद्धा माझ्याआधी हिनं ऐकलं.

आत जाऊन मी कागद काढला. "आत्ताच आली मंजुरी," म्हणाले. "आमच्यामुळं तुम्हाला लय त्रास झाला, ताई," असं म्हणून तिनं माझा हात दाबला. सातारला या, म्हणाली. येते म्हणाले. मी जाणार नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरींच्या खोलीत जाऊन दार लावलं. चादरींच्या थप्पीला पाठ टेकली. बाहेरचं खरंच फारसं ऐकू येत नव्हतं. सहा मिनिटं टिकले, मग फोन काढून बघितला. सहा मिनिटं झाली हे तेव्हाच कळलं.

हे मी घरच्यांना सांगितलं नाही. हॉस्पिटलच्याच कागदांच्या पाठीवर लिहितेय, आणि लिहून झालं की फाडून टाकेन. तुला एकच विचारायचं होतं. मला का नाही नेलंस? एकदा तरी. उत्तर मला येतं. मी फार बोलायचे. पण नेलं असतंस तर तुझ्या शेजारी मी अर्धा तास गप्प बसले असते, आई, तुझ्यासाठी बसले असते.

नाही. नसते बसले.