मगभर टीसीएल

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून मला मेंब्रेन धुवायला शिकवणार म्हणे! बावीस वर्षं गेली या डेअरीत. शिकवणाऱ्या श्रावणीमॅडम इथल्या भोरच्याच, वय सव्वीस— माझ्या लेकीपेक्षा, नूतनपेक्षा लहान. पनीरच्या पाण्यातून साधं पाणी वेगळं काढणारे ते पडदे बुजलेत, धार करंगळीएवढी झाली. पाळीतल्या सगळ्यांसमोर मला म्हणते, "काका, आधी कॉस्टिक. आधी ॲसिड घातलं की दूध फाटतं तसं सगळं आतल्या आत घट्ट बसतं."
मला दूध फाटणं शिकवते!

मंगळवार, ४
कॉस्टिक, खळबळणं, ॲसिड, पुन्हा खळबळणं. पाच तास! धार वाढली ती इवलीशी. मॅडम म्हणतात, "उद्या परत करू. घाई नको."
मी म्हटलं, "हिरीत टाकत्यात ती टीसीएल पावडर टाका मगभर. लख्ख हुतंय." आमच्या उत्रोली गावची विहीर नऊ वर्षं मी साफ ठेवली, कुणाचं पोट बिघडलं नाही. तर अंगावरच आल्या— "क्लोरीन अजिबात नाही! पडदे खराब होतील."
शिकल्यासवरल्यांना आपलं ऐकणं म्हणजे कमीपणा.

गुरुवार, ६
टाकली. मॅडम जेवायला गेल्या तेव्हा.

शुक्रवार, ७
धार मनगटाएवढी! शेठनी मॅडमचं कौतुक केलं. एवढी कशी वाढली ते मॅडमनाच उमगेना, कपाळाला आठ्या. मी गालातल्या गालात हसलो. पण शाबासकी तिला मिळाली ते झोंबलंच.

मंगळवार, ११
वेगळं निघालेलं पाणी सहज चाखलं. गोडसर! साध्या पाण्यात दुधातली साखर उतरतेय— म्हणजे पडदे फाटले. म्हणजे तिचंच खरं.
जेवण गेलं नाही. मंगल विचारत होती, "काय झालं वो?" बायकोला काय सांगू? "काय न्हाई," म्हटलं.

बुधवार, १२
पडदे गेले म्हणून शेठ मॅडमना नको नको ते बोलले. त्यांनी वही पुढे केली— वेळा, तापमान, सगळं चोख. शेठनी उघडलीसुद्धा नाही. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "कुंडलिककाका, तुम्ही काही घातलं नव्हतं ना?"
"न्हाई, मॅडम."
किती सहज निघालं तोंडातून! जळो हे तोंड.

शुक्रवार, १४
मॅडमना काढलं. जाताना "येते, काका," म्हणाल्या. मला मान वर करवेना. लाज वाटते स्वतःची. उद्या शेठना सगळं सांगणार. मलाही काढलं तर काढू देत.

शनिवार, १५
सांगितलं. शेठ हसले, माझ्यासाठी चहा मागवला!
"म्हायती हाय मला. कॅमेऱ्यात दिसलं तवाच. धुण्याचं पाणी वढ्यात सोडू नका म्हणून लई मागं लागली हुती ती. काढायला निमित्त पायजे हुतं, ते तुमी दिलंत. जावा कामाला."
तो ओढा आमच्याच भातखाचरांतून जातो.