ताईच्या कोंबड्यांचा चिखल

माय, तुला कोंबड्यांचं एक विचारायचं होतं. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होतो आणि विचारायच्या गोष्टी तेव्हा मला सुचतच नव्हत्या. आता सुचतात. ताईकडे आलोय मी, जिंतूरजवळ, तिच्या सासरी. दोन दिवस राहून पुढे जायचं होतं. कुठे ते ठरलं नव्हतं, माझं तसंच असतं. देवगाव फाट्याला एका ढाब्यावर होतो, त्याआधी ट्रकवर क्लीनर, त्याआधी एका पोल्ट्रीत. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला रस्त्यात मोर दिसला की तो गाडी थांबवून उतरायचा आणि मोराची चौकशी करायचा, घरचे कसे आहेत वगैरे, खरंच, पण ते राहू दे. इथे आलो आणि झड लागली. ऊन म्हणून डोळ्याला दिसत नाही. सोयाबीनमध्ये पाणी साचलंय, अंगणातल्या दगडावर शेवाळ धरलंय, आणि ताईच्या कोंबड्यांच्या जागेत घोटा बुडेल एवढा चिखल झालाय.

दाजींनी गोठ्याला लागून लोखंडी जाळी ठोकून दिलीय, कुत्र्यामुंगसाच्या भीतीनं. एका खोलीएवढी जागा, कोपऱ्यात खुराडं. उन्हाळ्यात झकास असणार. पण आपली काळी माती तुला माहीत आहे. कोंबड्या दिवसभर तिथेच चालतात, तिथेच उकरतात, तिथेच घाण करतात, आणि वरून पाऊस. त्यांच्या बोटांना मातीचे गोळे चिकटून सुपारीएवढे झाले होते. खुराड्याच्या फळीवर चढल्या की टकटक वाजायचे. मी एकेकीला मांडीवर धरून कोमट पाण्यात ते गोळे भिजवून काढत बसलो. ताई म्हणाली, "पाय धुवायलास तर हळदकुंकू बी लाव. लगीनच लावून टाकू." मला मात्र नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. चांगल्या पाण्याचं भांडं भरून ठेवलंय, आणि या बाया ते सोडून माझ्या पावलाच्या ठशात साचलेलं घाण पाणी पितात. चव असते का त्यात? मी हुंगून पाहिलं. चाखलं नाही, घाबरू नकोस.

या कोंबड्या कोण आहेत ते सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ताई माहेरी आली होती आणि परत निघताना तू डाल्यात झाकून तिच्यासोबत एक काळी कोंबडी दिली होतीस, आठवतं? तिच्या लेकी, नाती, पणत्या. दोघींच्या तर मानेवर तसेच सोनेरी ठिपके आहेत. मी आलो त्याच आठवड्यात त्यातली एक तरणी तलंग पंख पाडून बसली आणि सकाळी मेलेली निघाली. दुसरी पेंगायला लागली. तेव्हा ताईची सासू, मी तिला मावशी म्हणतो, ओसरीवरून म्हणाली, "वासानं घास उतरंना झालाय. येत्या बाजारी समद्या डाल्यात घालून नेते, सांगून ठेवते."

ताई पाटी उचलून गोठ्याकडे गेली. मागून गोठ्यात मला म्हणाली, "ह्या घरात सगळं ह्यांचंच हाय रे. भांडीबी ह्यांची, म्हशीबी ह्यांच्या. कोंबड्या तेवढ्या माझ्या." मग शेण भरायला लागली. मी म्हणालो, मी बघतो. म्हणून तर बसलो, पण काय बघायचं ते ठाऊक नव्हतं.

आधी मुरूम टाकला. गोठ्यामागं उरलेला ढीग होता, दाजींना विचारून घमेल्यानं ओतला, पायानं दाबला, लाल जमीन दिसायला लागली. ताईला बोलावून दाखवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळं पुन्हा काळं. मावशी हसत सुटली. "एवढा मुरूम गेला कुठं रं? कोंबड्यांनी खाल्ला का?" मी काठी खुपसून पाहिली तर हातभर खाली कचकच लागली. काळीनं सगळा गिळला होता. कुठवर गिळत असेल ती? एखादं घमेलंच टाकलं तर तेही जाईल का, असा विचार आला होता, पण घमेलं मावशीचं होतं. मग सोयाबीनचं भुसकट टाकलं, पोल्ट्रीत भाताचं तूस टाकायचे तसं. पण पोल्ट्रीत खाली सिमेंट असतं हे मी विसरलो. भुसकट भिजलं, तापलं, त्यातून वाफ निघायला लागली आणि वास दुप्पट झाला. बाजार दोन दिवसांवर आला होता.

त्या दिवशी डोक्यावर पोतं घेऊन जाळीपाशी नुसता बसून राहिलो आणि मला गंगाखेडकडची आपली पाचटाची कोपी आठवली. आपण ऊसतोडीला गेलोय. ट्रॉलीत भांडीकुंडी, मी, आणि डाल्याखाली तुझी कोंबडी पिलांसकट. अवकाळी पाऊस लागलाय, कोप्यांच्या भोवती नुसता राडा. आणि तू रोज सकाळी, कोयता काखेत धरून, ते डालं उचलतेस आणि चार पावलं पलीकडे नेऊन ठेवतेस. रोज नवी जागा. मी विचारतो, "माय, रोज कशाला हालवतीस तिला?" तू उसाच्या फडाकडे निघालेलीच असतेस. मागं न बघता म्हणतेस, "जागा बी थकती रं." मी तुझ्यामागं पळत विचारतो, मग जागा झोपते कधी? तर तू माझ्या डोक्यात टपली मारतेस आणि म्हणतेस, "तू गप बसलास की."

ताईची जागा थकली होती, माय. जाळी ठोकलेली, म्हणून कोंबड्यांना सुटका नाही आणि मातीलाही नाही. मुरूम ओतून काय होणार होतं? पण हलवायचं तर उंचावरची, पाणी न साचणारी जागा त्या घरी एकच होती. घरामागचा मावशीचा भाजीचा वाफा.

विचारायला गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, कोंबड्या तुमच्या वाफ्यात घालू का?"

"डोकं फिरलं का तुजं? मी कोंबड्या घरातून काढायच्या म्हणायलेय, अन् तू माज्या वाफ्यात घालायलास!"

"वाफ्यात हाय काय आता? मेथी सडली, टमाट्याची नुसती खुटं राहिलीत."

"रिकामा का असंना, माजा हाय."

ताई चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "आमची माय म्हणायची, कोंबड्यांनी थकवलेली जागा झड उघडल्यावर भाजीला द्यावी. अशी मेथी येती की खुडून सरत न्हाई. कोंबड्या हितं, तुमचा वाफा तितं. पुढच्या पावसाळ्याला परत उलटं."

मावशीनं सूप खाली ठेवलं. "तुजी माय म्हणायची?"

"व्हय."

"लग्नात बघितली होती मी तिला. समद्यांला वाढून उभ्या उभ्याच जेवली." तिनं तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "घाल. पण बाजारापतूर. वास आला तर डालं तयार हाय माजं."

दाजींनी आणि मी पावसातच जाळी उपटून वाफ्याभोवती ठोकली, खुराडंही तिथे नेलं. खुराड्याखाली तुराट्यांचा थर दिला, बाजूनं पाणी जायला चर काढला. कोंबड्या आधी नव्या जागेच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, पाहुण्यांसारख्या. मग एकीनं पाय मारला, गांडूळ निघालं, आणि ते घेऊन ती पळाली तशा बाकीच्या सगळ्या तिच्या मागं. पेंगणारीसुद्धा. पळताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मीही थोडा पळालो.

बाजारच्या सकाळी मावशी डालं घेऊनच आली. ताई पीठ मळत होती, तिचा हात परातीतच थांबला. मावशी वाफ्यात मधोमध उभी राहिली, वास घेतला, चप्पल उचलून तळवा बघितला. मग खाली वाकून तिनं तांबडा कोंबडा पकडला. "ह्यो लय माजलाय, येता-जाता पायाला टोचतो. ह्योच जाईल." बाकीच्यांकडे तिनं बघितलं नाही. ताई म्हणाली, "न्या आत्याबाई," आणि भाकरी थापायला लागली, जरा जोरातच.

आता विचारायचं ते. जागा थकते एवढंच तू म्हणाली होतीस. भाजीचं तू कधी काही बोलली नव्हतीस, ते मी तिथल्या तिथं तुझ्या नावावर खपवलं. कोंबड्यांनी एवढ्या सडवलेल्या काळीत मेथी उगवते की जळून जाते, मला खरंच माहीत नाही. कोंबडा विकून येताना मावशीनं बी आणलंय. परवा पुडी दाखवून म्हणाली, "बघू तुज्या मायचं." आज ढग फाटलेत. ढाब्यावरून फोन आला होता, मी उचलला नाही. हा कागद टाकायला काही पत्ता नाही, खिशातच राहील. मेथी उगवेपर्यंत मी इथेच आहे. उगवली, तर ते तूच म्हणाली होतीस असं मी धरून चालणार आहे.