आधी मी

प्रिय बारक्या,

बाथरूममधला तो गंजका लोखंडी पाइप अखेर काढला. प्लंबरने चकचकीत प्लास्टिकचा बसवला आणि मी हुश्श केलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं रामायण त्यावरूनच घडलं.

तुला आठवतं, बाबा कुठल्याही नळाला आधी हाताची पाठ लावायचे? उभा जन्म वायरमनचं काम केलेला माणूस. गिझर असो, स्टीलचं सिंक असो, "आधी मी" म्हणून आपल्याला मागे सारायचे. तळहाताने धरलं आणि शॉक बसला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटक्यासरशी मागे येतो, असं सांगायचे. आई विचारायची, "काय हो, नळाला ताप आहे का?" पाहुण्यांकडे गेलो तरी तेच, आणि तू लाजून दाराआड लपायचास. घरी मात्र टॉवेल खांद्यावर टाकून आपण ताटकळत उभे असलो, की तू त्यांची नक्कल करत माझ्या गालाला उलटा हात लावायचास. हसून हसून पोट दुखायचं. फार आठवतात रे ते दिवस.

आता आई गेल्याचंही बाबांच्या लक्षात राहत नाही. मला 'बाई' म्हणतात, ताट वाढलं की संकोचून आभार मानतात. जन्मात कधी 'भाजी बरी झालीय' म्हणाले नाहीत, ते आभार मानतात! हसावं की रडावं, कळत नाही.

तर, पाइप बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला निघाले. बाबा खुर्चीतून उठले, भिंत धरत आले, मला कोपराने बाजूला केलं. "आधी मी." गिझरच्या नळाला हाताची पाठ लागली मात्र, हात झटकन मागे आला. मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, "मेन बंद कर." पायात नेहमीच्या रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. मी तर अनवाणी होते. वायरमन आला तेव्हा उलगडा झाला. गिझर आतून खराब होऊन वीज नळात उतरत होती, आणि ती जमिनीत नेणारं घराचं अर्थिंग त्या लोखंडी पाइपालाच जोडलेलं होतं. बाबांनीच जोडलेलं, तेव्हा तशीच पद्धत होती. पाइपाबरोबर मी तेही भंगारात घातलं. आता अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग केलंय. बाबा खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते.

मागे फोनवर तू म्हणालास, ते ओळखतच नाहीत, तर येऊन काय करू? त्याचं उत्तर आता सुचलंय, म्हणून हे पत्र. ये. तुझं नाव त्यांना सांगता येणार नाही, कदाचित तुला प्लंबरच समजतील. वाईट वाटून घेऊ नकोस. नुसता हात धुवायला जा. ते उठतील, भिंत धरत येतील, आणि तुला मागे सारतील.

तुझीच,
अजूनही टॉवेल घेऊन मागे उभी असलेली
ताई