बाळ उठलं तर खलास

मनामा, शुक्रवार, ६ मे १९८३

चि. सौ. मालूस,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पत्र संपेपर्यंत माझ्याकडे कुणालाही द्यायला चांगला शब्द शिल्लक राहील याची खात्री नाही. तुझा खोकला कसा आहे? बाळाजीरावांचा गुडघा? पेन्शनीत निघालेल्या गार्डाने रोज संध्याकाळी स्टेशनावर जाऊन नोकरीतल्या गार्डांच्या चुका काढू नयेत, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलंस का? आणि त्यांचा तो लाल-हिरव्या काचांचा कंदील अजून गॅलरीतच टांगलेला आहे ना? (सहज विचारते. मीच त्याला भंगार म्हटलं होतं हे मला आठवतं, तू आठवण करून देऊ नकोस.) आंब्याची पेटी मात्र पाठवू नकोस. ती पोचेल तेव्हा आम्ही इथे असू की तिथे, हे आज दुपारी ठरायचं आहे.

घाबरू नकोस. घाबरण्याचं काम सकाळपासून मी एकटी उत्तम करते आहे. हेमचंद्र जुबैदाबाईंच्या घरी गेला आहे (त्या कोण, ते पुढे येईल). तिथे त्यांचे भाऊ जेवायला येणार आहेत, आणि ज्या ऑफिसातून कालच्या गाण्याच्या कार्यक्रमाला परवानगी मिळाली त्या ऑफिसात हे भाऊ मोठ्या खुर्चीवर बसतात. परवानगीच्या कागदावर, लाउडस्पीकरचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास झाल्यास जबाबदार कोण, या ओळीपुढे माझ्या चिरंजिवांनी बँकेच्या चेकवर करतात तशी लफ्फेदार सही केलेली आहे. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की माणूस पुढच्या विमानात. बँकेला एक फोन गेला की पुरे. वाट बघताना हात रिकामे राहिले तर मी नखं खाते, म्हणून पेन धरलं आहे. बाळाजीरावांना म्हणावं, त्याच्यासाठी पुण्यात एखादी जागा बघून ठेवा. आजच्या टपालाने विचारलं तरी चालेल.

आता झालं काय ते ऐक. तुझा हा भाचा दिवसा हिशेब तपासतो आणि गुरुवारी संध्याकाळी विलास नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरच्या रॉक बँडचा आवाज सांभाळतो. एका टेबलावर आपल्या जुन्या एक्स्चेंजच्या बोर्डाहून जास्त खुंट्या असतात, त्याला मिक्सर म्हणतात, आणि त्यामागे हा असा चेहरा करून बसतो की जणू ऑपरेशन चाललं आहे. काल एका क्लबाच्या उघड्या मैदानावर कार्यक्रम होता. आवाज या विषयात मला कुणी शिकवू नये, हे तुला ठाऊक आहे. कॉन्व्हेंट शाळेत मदरने वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत शब्द धडधाकट पोचवायला शिकवलं, आणि पुढचं सारं आयुष्य ट्रंक एक्स्चेंजमध्ये कलकत्त्याच्या खरखरीतून लोकांचे जन्म-मृत्यू ओळखण्यात गेलं. म्हणून मी दुपारीच मैदानावर गेले. विलास माइकपुढे उभा राहून ‘चेक, चेक’ एवढंच म्हणत होता. अर्धा तास! मी हेमचंद्राला विचारलं, याला दुसरा शब्द येत नाही का? मग दुसरे शब्द आले आणि वाटलं, चेकच बरा होता. ढोलाचा आवाज पोटात, गिटारचा दातांत, आणि शब्द कुठेच नाहीत. व्यंजनं स्टेजवरच राहतात, स्वर तेवढे मैदानात येतात.

त्यात प्रत्येक गिटारवाल्याच्या पाठीशी त्याचा स्वतःचा एक लाउडस्पीकरचा खोका, आणि खोक्याची खुंटी त्याच्याच हातात. हेमचंद्राने टेबलावरून आवाज कमी केला की हा मागे वळून हळूच आपला खोका वाढवतो. दोघी जावांनी एकमेकींना न सांगता एकाच आमटीत मीठ घालावं तसं. मग ती शिट्टी. तुला सांगते, कानात सुई घातल्यासारखी. हेमचंद्राने मला समजावलं (मला!) की माइकला लाउडस्पीकरचं ऐकू जातं, तो ते परत लाउडस्पीकरला सांगतो, लाउडस्पीकर ते मोठं करून पुन्हा माइकच्या कानात घालतो, आणि असं वाढत वाढत जातं. मी म्हटलं, म्हणजे आपलं भगिनी मंडळ. तो हसला नाही.

शिट्टी थांबल्यावर मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. सगळे गप्प असतानाही एक घूंऽऽ असा आवाज चालूच. ट्रंक लाइनवर असा आवाज आला की मी लाइनमनला घरून उठवून आणत असे. दिव्यांचं आणि आवाजाचं जनरेटर एकच होतं, त्याची ती घरघर. ‘ही असताना मी कार्यक्रम होऊ देणार नाही,’ असं मी म्हटलं. (माझा तिथे काहीही अधिकार नव्हता, पण मी रिटायर झाले आहे हे माझ्या आवाजाला अजून कुणी कळवलेलं नाही.) म्हणून भिंतीला लागून असलेल्या घरातून आवाजापुरती वीज घ्यायचं ठरलं. ते घर जुबैदाबाईंचं. लक्षात ठेव, वायर त्यांच्या घरात माझ्यामुळे गेली.

जुबैदाबाई माझ्याच वयाच्या. वडील मोत्यांचे व्यापारी, त्यामुळे लहानपण मुंबईत गेलेलं, आणि हिंदी अशी की आपण क्रॉफर्ड मार्केटातल्या कोळणीशी भाव करतो आहोत असं वाटावं. बाईंनी वीज दिली, गाद्यांवर बसवलं, आणि चिमुकल्या कपातून वेलदोड्याचा कडू काहवा (इथली बिनदुधाची कॉफी) दिला. मी प्याले. त्यांनी पुन्हा ओतला. पाहुण्याने नाही म्हणू नये म्हणून मी पुन्हा प्याले. त्या ओतत राहिल्या. कितव्या तरी कपानंतर माझं काळीज ड्रमपेक्षा जोरात वाजायला लागलं, तेव्हा त्यांनाच दया आली. म्हणाल्या, “बाई, बस बोलना है तो कप हिलाओ ना! नहीं हिलाएगी तो मैं रात भर डालूंगी.” हे असं आहे. इथे कप हलवला की ‘पुरे’.

मग त्यांनी आतल्या खोलीचं दार किलकिलं करून मला त्यांचा नातू दाखवला. दीड महिन्याचा, एसीच्या गारव्यात गाठोड्यासारखा झोपलेला. त्याची आई आठवडाभर डोळ्याला डोळा न लागलेली. दार लावून बाई म्हणाल्या, “गाना बजाओ, मेरे को हरकत नहीं. लेकिन बच्चा उठा, तो खलास. फिर मैं भाई को पूछेगी, कागज पे किस का साइन है.” मी विचारलं, नाही ना उठणार? “इंशाल्ला,” त्या म्हणाल्या. हा शब्द इथे सगळ्या प्रश्नांना उत्तर म्हणून देतात आणि मला त्याने कधीही धीर आलेला नाही.

तेव्हा ठरलं असं की मी जुबैदाबाईंच्या गच्चीवर उभी राहायचं. हाताशी हेमचंद्राचा मोठा टॉर्च. आवाज घरात घुसायला लागला की मी टॉर्च डावी-उजवीकडे हलवायचा, हेमचंद्राने टेबलावरून बघायचं आणि खुंट्या खाली ओढायच्या. योजना माझी. निर्दोष होती. दुपारी दोनदा करून बघितली.

दुपारी मैदान रिकामं होतं आणि वारा घराकडून मैदानाकडे होता, हे मात्र वाऱ्याने संध्याकाळी उलटं फिरून लक्षात आणून दिलं. नमाज होऊन गेल्यावर कार्यक्रम सुरू झाला तो थेट माझ्या साडीच्या पदरावर. पहिल्या दोन गाण्यांना मी टॉर्च हलवला, हेमचंद्राने आवाज उतरवला, सगळं शिस्तीत. मी जिन्यातून दोन पायऱ्या उतरून कानोसा घ्यायची, बाळ गप्प, पुन्हा वर. मग विलासने एक संथ, रडवं गाणं काढलं. स्टेजवरचे दिवे मंद निळे केले. आणि ढोलवाल्याने असा काही ठोका धरला की गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण थरथरायला लागलं. मी टॉर्च हलवला. जोरात हलवला.

मालू, त्या अंधारात मैदानावरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. त्यांना काय दिसलं? गच्चीवर पांढऱ्या साडीतली एक बाई, गाण्याच्या ठेक्यावर दिवा हलवते आहे. (ठेक्यावर हलत होता, हे खरं. हात घाबरलेला असला तरी बेताल नाही.) आधी एकाने खिशातला लायटर पेटवून वर धरला आणि माझ्यासारखाच हलवायला लागला. मग दहांनी. मग सगळं मैदान! लायटर, टॉर्च, एका गृहस्थाने तर आगपेटीतल्या काड्या एकामागून एक. अशा गाण्यांना असं करायची रीतच आहे म्हणे. हेमचंद्र टेबलावरून बघतो तो त्याला शेकडो दिवे दिसतात, त्यातली आई कुठली हे कळेना. बँडला वाटलं, लोक वेडे झाले. त्यांनी मागे वळून आपापले खोके वाढवले. आवाज वाढला म्हणून मी दोन्ही हातांनी टॉर्च हलवला. मी हलवते म्हणून मैदान हलवतं, मैदान हलवतं म्हणून बँड वाढवतो, बँड वाढवतो म्हणून मी हलवते. दुपारी ज्याच्यावर विनोद केला ते भगिनी मंडळ मी स्वतःच झाले होते! मी ओरडलेसुद्धा. मदरने शिकवल्याप्रमाणे, मागच्या भिंतीपर्यंत. खालून टाळ्या आल्या.

मागे वळून पाहिलं तर जिन्याच्या तोंडाशी जुबैदाबाई. त्यांनी मैदानाकडे पाहिलं, टॉर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग नुसता मनगटाचा झटका, काहव्याच्या कपासारखा: पुरे. आणि खाली गेल्या. मी मागोमाग धावले, आणि अर्ध्या जिन्यात असतानाच त्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

सगळं बंद. लाउडस्पीकर बंद, गिटार बंद. ढोलवाल्याला विजेशी देणंघेणं नसल्यामुळे तो थोडा वेळ एकटाच बदडत राहिला, मग ओशाळून थांबला. अशी शांतता, की समुद्र ऐकू यावा. घरातले दिवे गेले. एसीची घरघर थांबली.

आणि बाळ उठलं.

त्या संध्याकाळी त्या मैदानावर ऐकू आलेला पहिला स्वच्छ आवाज तो. घरघर नाही, शिट्टी नाही, प्रत्येक आचका सुटा. तो हत्तीएवढा गोंगाट त्याने झोपेत पचवला होता, आणि तो थांबल्याबरोबर पृथ्वी बुडाल्यासारखा टाहो फोडला. पलीकडे शेवटच्या रांगेतले लोकसुद्धा माना वळवून बघायला लागले. जुबैदाबाई काळोखात स्विचपाशी, मी जिन्यात, आणि बाळाची आई आतून अरबीत काहीतरी किंचाळली. मला अरबी येत नाही, पण ‘कुणी बंद केलं?’ हे कुठल्याही भाषेत कळतं. जुबैदाबाईंनी स्विच वर ढकलला आणि खिडकीतून मैदानाकडे ओरडल्या, “यल्ला! बजाओ! क्या देखता है!”

वाजवलं त्यांनी. ढोलासकट. पोर दुसऱ्या कडव्याला झोपलं. मी म्हटलं, एसी सुरू झाला म्हणून झोपलं. बाई म्हणाल्या, ढोलाने. यावर आमचं थोडं वाजलं, आणि रागाच्या भरात मी त्यांना विचारलं की एक्स्चेंजमध्ये आयुष्य कुणी काढलं, तुम्ही की मी? हे विचारायला नको होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “कल भाई खाने पे आएगा. लडके को भेजो.” आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून घशाखाली घास नाही. बाळ उठलं हे तर खरंच. कुणामुळे, हे भाऊ बहिणीवर ढकलतील का हेमचंद्रावर? जेवणाची वेळ केव्हाच टळली. तो अजून आलेला नाही. पुण्यातल्या जागेचं विसरू नकोस.

तुझी,
मथुराताई

ता. क. आला! पोट तट्ट, हातात खजुराचा डबा. भावाने कागद पुढे ठेवला, तेव्हा जुबैदाबाईच म्हणाल्या की लाउडस्पीकरमुळे बाळ उठल्याची तक्रार नाही, बंद केल्यामुळे उठल्याची आहे, आणि ती तुझ्या या बहिणीविरुद्ध घे. भाऊ घास सोडून हसले. सून तर आजच पुन्हा ढोल लावा म्हणते आहे. पुण्यातल्या जागेचं कुणाकडेही बोलू नकोस. बोलली असशील तर मी गंमत केली होती असं सांग.

ता. क. २. ढोलाने झोपलं हे मी मान्य केलेलं नाही.

ता. क. ३. आंब्याची पेटी पाठवच. विलासची बहीण मेधा या महिन्याच्या शेवटी इथे येते आहे, तिच्याबरोबर दे. पेटीत तळाशी, गवतात नीट गुंडाळून, बाळाजीरावांचा कंदील घाल. रमझानच्या आधी त्याच मैदानावर दुसरा कार्यक्रम आहे आणि गच्ची माझ्याकडे आहे. बाळाजीराव कुरकुरले तर त्यांना सांग, मी त्याला भंगार कधीच म्हटलं नव्हतं. आणि त्यांना एवढं विचारून लिही: लाल दाखवल्यावर गाडी थांबायची ना? का डब्यातले सगळे आपापले दिवे काढून हलवायला लागायचे?