अकरा स्वच्छ कार्डं

सर, तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही मजकूर सोडून आधी स्वल्पविराम तपासले असते. तुमचं शिक्षण उर्दूत, माझं कॉन्व्हेंटात, सिस्टर लोकांकडे. मराठी आपल्या दोघांचीही घरातली, जेवणाच्या ताटापुरती. तेवढ्या मराठीत हे सांगता येईल. फार काही सांगायचं नाही.

मंगळवारी विद्यानगरच्या घरी एक मुलगी आली होती. पुण्याची, तिशीची, आपल्याच हॉस्पिटलात संशोधन करते. 'ॲक्चुअली'शिवाय तिचं वाक्य सुरू होत नाही, पण डोकं लख्ख आहे. तिचा विषय तुमचाच. डोळ्याच्या आत सूज येते आणि सोबत दाब चढतो. तो सुजेमुळे चढतो, की सुजेवर घातलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांमुळे? आता म्हणे अशा डोळ्यातलं थेंबभर पाणी सुईने काढून त्यात विषाणू आहे का ते बघतात. जुन्या नोंदी हव्यात म्हणून तिने तळघरातून तुमच्या अभ्यासातल्या पेशंटांची कार्डं शोधून काढली आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरली. माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग अकरा कार्डं बाजूला घेऊन म्हणाली, "मॅम, बाकी सगळ्या कार्डांवर पिवळे डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, तीन-तीन शाया आहेत. ही अकराच इतकी स्वच्छ कशी?"

चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तुमचा लेख छापणाऱ्यांनी नाही, तुम्हाला शाल घालणाऱ्यांनी नाही, तुमच्या नावाचा हॉल बांधणाऱ्यांनी तर नाहीच. डाग नसणं हीच खूण असते, हे कळायला एक पोर यावी लागली, जिला स्वतःला धड अक्षर नाही.

तुम्ही मला नोकरी दिलीत ती अक्षरावर. अर्ज वाचलासुद्धा नाहीत, नुसता उजेडात धरलात. मग दाब मोजायला शिकवलंत. पेशंट आडवा झोपलेला, डोळा बधिर केलेला, त्यावर ते छोटं यंत्र अलगद उभं करायचं आणि त्याच्या आकड्यांवरची सुई बघायची. डोळा जितका कडक तितकी सुई कमी हलते. माझा हात तुमच्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा हलका आहे, हे तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात, आणि ते मला वर्षभर पुरलं. तपासणीसाठी डोळ्यात घालायचा तो पिवळा रंग बोटांना लागायचा, बोटांचा कार्डांना. संध्याकाळी घरी पोळी लाटताना माझी नखं हळदीसारखी दिसायची. आई म्हणायची, हिचं रोजच हळदीकुंकू.

तुमचं म्हणणं होतं की दाब सुजेचाच. थेंब जोरात चालू ठेवा, सूज उतरेल, दाबही उतरेल. पुष्कळांचा उतरलाही. काहींचा मात्र सूज गेल्यावरही चढतच राहिला. डोळा पांढराशुभ्र, दुखणं नाही, आणि सुई जागची हलत नाही. मलकपेठची एक बाई यायची, शिंप्यांकडची काजं करणारी. दर गुरुवारी, न चुकता. एका गुरुवारी ती म्हणाली, "बलब के बाजू में रंगां दिखरे, मैडम." मी ते येऊन तुम्हाला सांगितलं, आणि असंही म्हटलं की थेंब थांबवून बघावं का. तुम्ही वर न बघता म्हणालात, "अक्षर तुला सिस्टरांनी दिलंय. डोळे मी बघतो. तू लिही."

मी लिहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही दाब चढत राहिलेल्यांच्या कार्डांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. खराब झालीत, कोऱ्या कार्डांवर उतरवून काढ, आणि आठव्या आठवड्यापुढे 'आले नाहीत' एवढंच लिही. असल्या अभ्यासात माणसं गळतातच, हे थोडे आधी गळले असं समजायचं. ती माणसं तेव्हा बाहेर बाकावर बसलेली होती, सर. त्यांना तुम्ही जनरल ओपीडीत पाठवलंत, आणि थेंब बंद करा असं कोणी सांगितलं नाही म्हणून ते थेंब घालत राहिले. तुम्ही लबाड नव्हतात हेच जास्त वाईट आहे. लबाड माणसाला निदान खरं माहीत असतं. तुम्हाला खात्री होती की थेंब थांबवले तर सूज डोळा खाईल.

दीड वर्षाने ती काजंवाली परत आली. आत येताना माझ्या टेबलाचा कोपरा तिच्या कमरेला लागला; तो तिला दिसलाच नव्हता. रागावली नाही. तिला फक्त तिचे जुने आकडे हवे होते, दुसऱ्या डॉक्टरने मागितले होते. मी कार्ड काढलं आणि त्यावर जे होतं ते वाचून दाखवलं, की आठव्या आठवड्यानंतर तुम्ही आला नाहीत. ती म्हणाली, मी तर दर गुरुवारी येत होते, तुम्हीच लिहीत होतात. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. कोणाला दाखवत होते कोण जाणे. मग तीच मला समजावल्यासारखी म्हणाली, "आप बोलरे तो नहीं आई हुंगी, मैडम."

मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तोवर तुमचा लेख छापून आला होता आणि तुम्ही खूश होऊन तुमचं पितळी मुठीचं भिंग मला दिलं होतंत. त्याच भिंगाने मंगळवारी मी माझं अक्षर बघितलं. एकही खाडाखोड नाही. सिस्टर असत्या तर सोनेरी चांदणी चिकटवली असती.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. तुमचं वाक्य न वाक्य सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना बरं वाटलं. ती म्हणाली, याच अकरा डोळ्यांत उत्तर होतं हो मॅम, तेव्हाच. आता तुमच्या लेखाखाली दुरुस्ती छापली जाईल, अकरा नोंदी प्रमुखांच्या आदेशावरून बदलल्या, अशी. तिने माझ्यासमोर वहीत टिपून घेतलं. गुरुवारी सही घ्यायला येणार आहे.

पण तुम्ही दिलेला गठ्ठा दहा कार्डांचा होता. मलकपेठच्या बाईचं कार्ड तुम्ही मागितलंच नव्हतं; तिचा दाब तेव्हा जेमतेम चढू लागला होता. पुढे तुम्ही आठवडाभर दिल्लीला गेलात आणि त्या गुरुवारी सुई हललीच नाही. तुम्ही आल्यावर काय म्हणाल ते मला माहीत होतं. म्हणून मी ते आधीच उतरवून ठेवलं, जुनं फाडून टाकलं आणि तिला जनरलचा रस्ता दाखवला. तुम्ही परत येऊन गठ्ठा चाळलात, मोजला नाहीत, आणि शाब्बास म्हणालात. त्या दिवशी मी बस सोडून नारायणगुड्यापर्यंत चालत गेले होते, इतकी हलकी झाले होते.

आज बुधवार आहे. त्या मुलीचा नंबर फोनशेजारी लिहून ठेवला आहे, चांगल्या अक्षरात. अजून लावलेला नाही.