वर चढवायचे चार हजार

ता. ४ मार्च

ती. ताईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

म्हणजे पुन्हा तुझं तेच. साधाच संगणक पुरे, नवी सिस्टीम कशाला! परवा माझं बोलणं अर्धं असतानाच तू फोन ठेवलास, म्हणून आपल्या अण्णांचा नियम पाळतोय. भांडायचं तर कागदावर.

तुझा जुना संगणक धूर सोडून मेला. भरतकामाच्या मशीनला जोडायला दुसरा घेतेच आहेस, तर त्यात पुन्हा जुनीच ऑपरेटिंग सिस्टीम का? दुकानदार म्हणतो, चार हजार वर टाका, नवीकोरी घालून देतो. तू नको म्हणालीस. आपल्या घरात कधी काही कोरं आलंय का? तुझी सायकल मला आली, तुझं दप्तर आलं. तुझी पुस्तकंही आली, ती मी वापरली नाहीत ही गोष्ट वेगळी.

म्हणून मी दुकानदाराला परस्पर फोन करून चार हजार धाडलेत. आता काय ओरडायचं ते ओरड. मी गोदामात आहे, ऐकू येणार नाही.

आईला नमस्कार. राग आला तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भिंगरी


ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद आणि एक धपाटा.

संगणक आला. पडदा असा झकास, की आईने त्यात बघून केस सारखे केले. मग मी मशीनची वायर जोडली आणि सगळं मुकं झालं. अरे, मशीन अकरा वर्षांचं. त्याचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमशीच बोलतो, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. हे तुला सांगितलं नाही, ही अर्धी चूक माझी. पण तुला कारण सांगायला बसावं, तर तू दारात चपला घालत असतोस.

हॉस्पिटलच्या गणवेशांचे तीनशे बिल्ले तीस तारखेला द्यायचेत. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. वेळेत दिलं नाही, तर मोठ्या नर्सबाई ते कोपऱ्यावरच्या दुकानाला देणार, त्याचा मालक टपलेलाच आहे. आई आणि मी हाताने भरतोय. चार दिवसांत बावीस झाले. आईचा चष्मा दोनदा हरवला, दोन्ही वेळा डोक्यावर सापडला.

दुकानदार म्हणतो, जुनी सिस्टीम परत घालायचे दीड हजार. मी म्हटलं, चढवायचे घेतलेत ना? तर म्हणाला, “बाई, उतरायलाही जिना लागतोच.” ते मी भरले. तो गुरुवारी येणार आहे. तुझे चार हजार काही परत मिळत नाहीत.

आता तू काही पाठवू नकोस. तुझ्याकडे चप्पल मागावी तर तू बूट पाठवतोस, तेही तुझ्या मापाचे.

जेवत जा वेळेवर. रागावले तरी तुझीच आहे.

ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. डोकं या वेळी जरा जास्त वेळ ठेवलंय.

पत्र वाचून कान लाल झाले. कोणाला सांगावं म्हणून आमच्या गोदामाच्या वजनकाट्यावरच्या काकांकडे गेलो. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत, हात धरून आपल्या खोलीत घेऊन गेले. तिथला संगणक माझ्याहून थोडाच लहान असेल. त्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: याला कोणी सुधारू नये. रोज दोनशे ट्रक त्याच्या भरवशावर तोलले जातात. दोन वर्षं मी त्या दारावरून जातोय, कधी आत डोकावलो नाही.

मला तुझ्यासाठी काहीतरी कोरं घ्यायचं होतं गं. तुझं काम कशावर चालतं, हे विचारायचंच राहिलं. आता विचारतो. बिल्ले वेळेत व्हायला काय कमी पडतंय? सांगशील तेच करीन.

उत्तराची वाट बघतोय, आणि मला वाट बघता येत नाही हे तुला माहीत आहे.

भिंगरी


ता. २१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. धपाटा माफ.

गुरुवारी मशीन सुरू झालं आणि आई त्या खडखडाटातच झोपली. दोनशे बिल्ले तयार आहेत. नर्सबाई बघायला आल्या होत्या. त्यांनी हाताने भरलेले तेवढे नेमके वेगळे काढले. मला वाटलं आता बोलणी बसणार, पण म्हणाल्या, हे माझ्या वरिष्ठ नर्सेसना. तेव्हापासून आई मशीनकडे शेजारणीकडे बघावं तसं बघते.

विचारलंस म्हणून सांगते. हातकामात निळा दोरा फार गेला. सहा रिळं लागतील, सहाशे वीस होतात. आणि माझ्या गल्ल्यात सध्या बटणंच आहेत. एवढंच हवंय. खरंच एवढंच.

तुला पत्रात प्रश्न विचारता येतो हे आईला वाचून दाखवलं. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं.

ताई


ता. २४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

दोन हजार पाठवायला हात नुसता शिवशिवत होता. काकांना पोस्टात बरोबर नेलं, त्यांनी मनीऑर्डरचा फॉर्म भरताना मनगट धरलं.

उरलेले पैसे खिशात आहेत आणि फार टोचतायत. पण तू मागशील तेव्हाच काढीन. दोरा आजच आण, तीस तारीख चुकवू नकोस. आईला सांग, मशीनशी गोडीने वाग. तुम्हा दोघींची माया आहे तशीच राहू दे, तिला काही सुधारू नका.

तुझा
भिंगरी

सोबत पाठवले: सहाशे वीस.