रिचर्डची बाजू

३ मे, शनिवार
आठवं प्रकरण संपलं! पाचशे वर्षं सगळे एकच घोकतायत — तिसऱ्या रिचर्डने गादीसाठी सख्ख्या भावाची दोन पोरं मारली. पुरावा काय? काही नाही. मरताना भावाने पोरं विश्वासाने त्याच्या हवाली केली, आणि भावावर त्याचा जीव होता. माझी कादंबरी यावरच उभी आहे. डोंबिवलीत बसून इंग्लंडच्या राजाची वकिली करतो म्हणून कॉलेजात हसतात. हसू देत.

५ मे
हस्तलिखित माझी पुतणी समृद्धी टाइप करून देते. गोपीनाथदादा गेला तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. वहिनी त्याआधीच गेलेली. तेव्हापासून आमच्याकडेच आहे. आज टाइप करता करता थांबली. म्हणाली, "काका, त्याने मारली नाहीत, मग पोरं गेली कुठे?"
नववं प्रकरण तेच आहे. म्हटलं, शोधतोय.

९ मे
बायकोने, रचनाने, पुन्हा विषय काढला. शीळफाट्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझ्यासोबत दादाच्या जागी समृद्धीचं नाव आहे, आणि ती अठराची होईपर्यंत तिचा पालक मी. या बावीस तारखेला होतेय अठराची. बिल्डरला अख्खी जमीन एका नावावर हवी. रचनाचं म्हणणं, आपल्यात पोरी हक्क सोडतातच, तुमच्या बहिणींनी नाही सोडला? लग्नात अंगभर दागिने घालू की तिच्या!
मी ओरडलो तिच्यावर. मग बराच वेळ छातीत धडधडत होतं. कारण ओरडायच्या आधी मी मनातल्या मनात हो म्हणून बसलो होतो.

१० मे
भीती वाटते. रचनाची नाही, माझीच.

१४ मे
लिहायला बसलो आणि लक्षात आलं. रिचर्डनेही पहिल्याच दिवशी काही ठरवलं नसणार. पुतण्याचा राज्याभिषेक आधी नुसता पुढे ढकलला. मग शहाणे लोक पुढे आले, म्हणाले, ही पोरं वारस नाहीतच. हे सगळं मी वीस वर्षं वर्गात शिकवलंय! भावावर जीव होता, हा माझा एकमेव मुद्दा. माझाही होता की दादावर. मग त्या मुद्द्याला काय चाटायचंय?
आईला सांगून टाकावं वाटलं. ती जेवायला वाढत समृद्धीचं कौतुक करत बसली. नाही सांगितलं.

२१ मे
हक्कसोडीचा कागद तयार करून घेतला. नुसता तयार! सही थोडीच घेतोय. उद्या तिचा वाढदिवस. उद्या समोर बसवून सांगणार — हा हिस्सा तुझा आहे, नको असेल तर सरळ नाही म्हण. नक्की सांगणार. पुढे लिहवत नाही.

२३ मे
निबंधक कार्यालयातल्या बाईंनी समृद्धीला विचारलं, वाचलंस का, कोणाचा दबाव नाही ना?
ती हसली. "वाचायचं काय त्यात? काकांनी आणलंय."
मी शेजारीच उभा होतो. तिने सही केली, मशीनवर अंगठा टेकवला. मला भीती अजिबात वाटली नाही.